झोपेचं सोंग घेणाऱ्यास खुलं पत्र

श्री. फास्ट स्टार्टअप यांस,
मु. पो. सी ड्राइव्ह.
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, परवा रात्री साडेअकराला दिवाळी अंकाचा लेख माझ्याच डी ड्राइव्हवर सेव्ह करायला गेलो, तर लिनक्सने बजावलं, 'इथे फक्त वाचा. लिहायचं नाही.' संपादकांचे तोवर तीन फोन येऊन गेले होते.

आमच्या लॅपटॉपवर दोन बिऱ्हाडं नांदतात. छापखान्याला जुन्या मराठी फाँटातलीच फाइल लागते म्हणून विंडोज, बाकी सगळ्याला लिनक्स. दोघांचं सामाईक माजघर म्हणजे डी ड्राइव्ह. तो एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला, कारण विंडोजला शेजाऱ्याची एक्स्ट-फोर आपणहून वाचता येत नाही आणि फॅट-३२ला चार जीबीची फाइल गिळवत नाही. शेजाऱ्याची भाषा शिकायचं काम लिनक्सकडे आलं. त्याने ते मुकाट केलं.

बरं, विंडोज मी बंद केलं होतं. 'शट डाउन' दाबलं, दिवा विझला, पंखा थांबला. सरळ माणूस याला बंदच म्हणेल. पण २०१२ साली विंडोज ८ बरोबर आपली स्वारी आली आणि 'बंद' या शब्दाचा अर्थ आपण ठरवू लागलात. मला लॉगआउट करायचं, माझे प्रोग्राम आवरायचे, आणि कर्नल मात्र घडी घालून 'हायबरफिल डॉट सिस' नावाच्या फाइलीत ठेवून द्यायचा. सकाळी नुसता उलगडला की झालं! शटर अर्धं ओढलेलं, आत चोपडी उघडीच, हिशेब अर्धवट, आणि बाहेर पाटी 'दुकान बंद आहे'. त्या चोपडीत माझ्या डी ड्राइव्हचंही पान असतं. म्हणून लिनक्स उंबऱ्यावरच थांबतं. त्याचं काय चुकलं? रात्री त्याने काही लिहावं आणि सकाळी आपण कालचीच चोपडी काखेत मारून उठावं, म्हणजे लेख तर गेलाच, वर अख्ख्या ड्राइव्हचीही वाट.

पण आपली खरी करामत पुढेच आहे. 'रीस्टार्ट' म्हटलं की आपण खरोखर बंद होता! बंद हो म्हटलं की पेंगायचं आणि परत सुरू हो म्हटलं की आधी पुरतं मरून दाखवायचं. हे मला कळायला दोन वर्षं लागली. तोवर 'रीस्टार्ट करून लिनक्समध्ये गेलं की डी ड्राइव्ह चालतो' हा आमच्या घरी अंगाऱ्याचा गुण समजला जाई.

हे सगळं कशासाठी, तर सकाळचे काही सेकंद वाचावेत म्हणून. फिरत्या हार्ड डिस्कच्या जमान्यात मी आपले पाय धरले असते. आता एसएसडीवर आपण जेवढे सेकंद वाचवता, तेवढ्यात माझा चष्माही सापडत नाही.

त्या रात्री विंडोजमध्ये परत गेलो आणि शिफ्ट दाबून धरून 'शट डाउन' केलं. तेव्हा कुठे आपण खरे निजलात. लेख पावणेएकला सेव्ह झाला. सकाळी आपल्याला कायमचं घालवायला निघालो, तर आपली खूण पॉवर ऑप्शन्सच्या पोटात, पॉवर बटणांच्या पानावर, तीही राखाडी. आधी दुसऱ्याच एका ओळीवर क्लिक करून परवानगी काढायची, मग खुणेला हात लावायचा. एवढ्या विनवण्या आम्ही तलाठ्याच्या कचेरीतही करत नाही. शेवटी ॲडमिनिस्ट्रेटरचा कमांड प्रॉम्प्ट उघडला, 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' टंकलं आणि एंटर दाबलं. आपली ती घडीची फाइलही गेली, काही जीबी जागा मोकळी झाली. पुढच्या मोठ्या अपडेटनंतर आपण मागल्या दाराने परत आला नाहीत ना, हे मी पाहणार आहे.

आपला,
डी ड्राइव्हचा निम्मा मालक

ता. क. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे दिसतं. तो गुन्हा आपला नाही. एक जण मदरबोर्डवरची वेळ जागतिक धरतो, दुसरा भारतीय. त्या दोघांना वेगळं पत्र लिहितो आहे.