बिनपाण्याची क्रूझ

आमचे साडू पुण्याचे. ते आणि मेहुणी भूमध्य समुद्रात अकरा दिवस क्रूझ करून आले आणि परतल्यावर पहिला मुक्काम त्यांनी आमच्याकडे जालन्याला ठोकला. निमित्त महालक्ष्म्यांचं होतं. खरं कारण आमचा पंचावन्न इंची टीव्ही होता, हे पहिल्याच संध्याकाळी कळलं. साडूंनी मोबाइल टीव्हीला जोडला आणि अकराशे चाळीस फोटो दाखवले. आकडा खालच्या कोपऱ्यात येत होता म्हणून मला माहीत.

"मोठी क्रूझ म्हणजे जत्रा हो," साडू म्हणाले. "तीन-तीन हजार माणसं, वर पोहायचा तलाव, रात्री नाच. आमचं जहाज छोटं. साठ प्रवासी. मोठ्या जहाजांना जिथे शिरता येत नाही अशा चिमुकल्या बंदरांत शिरतं. आणि सोबत इतिहासाचा प्राध्यापक! नाश्त्याला माल्टा, जेवायला सिसिली."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं इतिहास शिकवला. तिथे दुपारी खिचडी मिळायची आणि ताटं मोजायचं काम माझ्याकडे असायचं. त्यामुळे इतिहास आणि जेवण यांचं नातं मलाही थोडंफार ठाऊक होतं, पण मी गप्प बसलो.

माल्टाचा फोटो आला. "1565 चा वेढा," साडू म्हणाले. "तुर्कांचं एवढं मोठं आरमार, पण किल्ल्यातले सरदार हटले नाहीत."

"1565? म्हणजे तालीकोटचं साल," मी म्हटलं. "जानेवारीत इकडे विजयनगर बुडालं."

"हो का?" म्हणून साडूंनी पुढचा फोटो सरकवला. नेपल्सचं संग्रहालय त्यांनी फारच भराभर सरकवलं. मग कॅप्री आलं. रोमचा बादशहा टायबेरियस उतारवयात या बेटावर राहायला गेला तो शेवटपर्यंत रोमला परतलाच नाही. दहा वर्षं तिथूनच कारभार. "त्याच्या महालात चढून गेलो, तर बघायला काय, मोठमोठ्या पाण्याच्या टाक्या! बेटावर झरे फारसे नाहीत, म्हणून पावसाचं पाणी साठवायचा."

इतका वेळ वाती वळत बसलेल्या आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्यांदा टीव्हीकडे पाहिलं. "किती लिटरच्या?"

साडूंना सांगता येईना.

प्रश्न गैर नव्हता. बंदरावरच्या माणसांचं आयुष्य भरती-ओहोटीवर चालतं, तसं आमचं नळावर. भरती निदान पंचांगात तरी असते. आमच्या गल्लीत नळ कधी येणार हे फक्त शेजारच्या वहिनींना कळतं, आणि त्यांना कसं कळतं हे विचारायची आमच्यात पद्धत नाही.

शेवटचा फोटो एल्बाचा. नेपोलियनला 1814 साली इथे आणून सोडलं आणि दहा महिन्यांत तो निसटला. फोटो संपले. साडूंनी अंगाला आळोखेपिळोखे दिले आणि म्हणाले, "तुमच्याकडे यातलं काही नाही. समुद्रच नाही म्हटल्यावर!"

"समुद्र नाही," मी म्हटलं, "पण बंदर आहे."

हे पटवायला मला तीन कप चहा आणि एक नकाशा लागला. जालन्याजवळ दरेगावला ड्रायपोर्ट आहे, न्हावाशेवा बंदराचा. 2015 साली भूमिपूजन झालं. कल्पना अशी की कंटेनर इथेच भरायचा, जकातीचे सोपस्कार इथेच उरकायचे आणि रेल्वेने माल थेट धक्क्याला न्यायचा. समुद्र काय, तो चारशे किलोमीटरवर आहेच. त्याला उगाच इथपर्यंत कशाला आणायचं?

"उद्या सकाळी सात वाजता," मी जाहीर केलं, "जालना बंदरातून आपली क्रूझ सुटेल. छोटं जहाज. मोजके प्रवासी. सोबत इतिहासाचा मास्तर."

सकाळी दारात क्रूझर उभी होती. मराठवाड्यात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. लग्नाचं वऱ्हाड, पंढरीचे वारकरी, मोसंबीचे क्रेट आणि निवडणुकीतले कार्यकर्ते ज्या एकाच वाहनातून जातात ते वाहन. साडूंनी गाडीच्या मागे लिहिलेलं 'क्रूझर' वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांना वाटलं होतं मी विनोद करतोय.

ड्रायव्हर माझाच जुना विद्यार्थी, भोकरदनकडच्या एका तांड्यावरचा. मी त्याची ओळख "आपले कॅप्टन" अशी करून दिली. "गुरुजी, आपलं लायसन फकस्त जीपचं हाये," तो घाईघाईने म्हणाला.

शिधा भरपूर होता. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि मोसंब्यांची अर्धी गोणी. मोसंब्या इतक्या कशाला, असं मेहुणीनं विचारलं. मी या प्रश्नाची वाटच पाहत होतो. दर्यावर्दी लोकांना महिनोन्‌महिने ताजी फळं मिळाली नाहीत की हिरड्यांतून रक्त यायचं, दात पडायचे, माणसं मरायची. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या इंग्रज आरमाराच्या डॉक्टरने अशा बारा खलाशांवर निरनिराळे उपाय करून पाहिले, आणि संत्री-लिंबं खाणारे दोघे सगळ्यांत आधी उठून बसले. "म्हणजे जालन्याची मोसंबी त्या वेळी गलबतावर असती तर..."

"भाऊजी, आपण संध्याकाळी परत येणार ना?" मेहुणी म्हणाली.

ड्रायपोर्ट आम्ही बाहेरूनच पाहिला. साडूंनी कुंपणापाशी उभं राहून कपाळाला आडवा हात धरला आणि क्षितिजाकडे पाहिलं. पलीकडे सोयाबीन होतं. त्यांनी फोटो काढला. मला वाटतं, कुणाला तरी पाठवून हसण्यासाठी.

राजूरला गणपतीपुढे नारळ फोडला. कुठलंही जहाज हाकारताना नारळ लागतोच. राजूर सोडल्यावर कॅप्टननं एका आडवाटेला जवळचा रस्ता म्हणून गाडी घातली, आणि जे भूमध्य समुद्रात अकरा दिवसांत झालं नव्हतं ते साडूंना तिथे अकरा मिनिटांत झालं. क्रूझर थांबली. साडू बांधावर बसले. सौ.नं मोसंबी सोलून दिली. जेम्स लिंडचं नाव पुन्हा काढायचा मोह मी आवरला.

भोकरदन आलं. केळणा नदीच्या काठावरचं तालुक्याचं गाव. एसटी स्टँड, खताची दुकानं, मोबाइलवाले. साडूंनी खिडकीतूनच विचारलं, "इथे काय?"

खरं म्हणजे माझी अख्खी क्रूझ या एका प्रश्नासाठी होती.

भोकरदन म्हणजे भोगवर्धन. सांचीच्या आणि भारहुतच्या स्तूपांवर ज्यांनी दान दिलं त्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत या भोगवर्धनचे लोक आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी पैठणहून उज्जैनकडे जाणाऱ्या वाटेवरचं भरभराटीचं गाव. 1970 नंतरच्या काही वर्षांत नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथे उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातल्या थरांत मणी निघाले, शंखाच्या बांगड्या निघाल्या आणि हस्तिदंती मूर्तीचा एक तुकडा निघाला. दागिन्यांनी मढलेली एक बाई आणि बाजूला दासी. तुकडाच, पण अभ्यासकांनी तो पाहिला आणि त्यांना दुसरीच एक बाई आठवली.

"कोण?" सौ. म्हणाली. 'दुसरी बाई' म्हटल्यावर जीपमध्ये एकदम शांतता झाली होती.

"ती इटलीत आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस फुटला आणि पाँपेई शहर राखेखाली गेलं. 1938 साली तिथलं एक घर उकरताना हस्तिदंताची वीतभर उंचीची मूर्ती सापडली. आपल्याकडची. रोमन लोकांचं शहर, आणि घरात आपली बाई! आधी सगळे तिला लक्ष्मी म्हणायचे, आता यक्षी म्हणतात. तिची आणि भोकरदनच्या या तुकड्याची घडण इतकी जुळते की ती याच बाजूने गेली असावी असं काही जण मानतात."

"गेली म्हणजे कशी?" साडूंनी आता दार उघडून एक पाय खाली ठेवला होता.

"क्रूझने!"

मग मी सगळा मार्ग सांगितला. त्या काळच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय की पैठणचा माल गाड्यांतून भडोचच्या बंदराला येतो, वीस दिवसांची वाट, आणि बराचसा मुलूख बिनरस्त्याचा. (कॅप्टन म्हणाला, "म्हंजे आपण सकाळी आलो त्योच.") भडोचहून मोसमी वाऱ्यावर तांबडा समुद्र, तिथून उंटावर नाईल, नाईलमधून अलेक्झांड्रिया. तिथून धान्याची जहाजं इटलीला जायची आणि नेपल्सजवळच्या पुतिओली बंदराला लागायची. लागण्याआधी ती कॅप्रीच्या जवळून जात. म्हणजे आमच्या भोकरदनच्या बाईनं कॅप्री पाहिलं ते साडूंच्या जवळजवळ दोन हजार वर्षं आधी, आणि तेही व्हिसा न काढता. ती सध्या नेपल्सच्या संग्रहालयात असते.

साडू विचारात पडले. मग त्यांनी मोबाइल काढला आणि पाठ वळवून काही तरी शोधू लागले. टीव्हीवर जे भराभर सरकलं होतं त्याच्या आसपासचं ते काही तरी असावं. मेहुणीनं मान लांब करून पाहिलं.

"हा फोटो कधी काढला तुम्ही?"

"असाच. गर्दीत."

"मी तर म्हटलं होतं ना, तिकडच्या खोलीत जाऊ नका म्हणून?"

तीच होती. पाँपेईची बाई. डोक्यावर भरगच्च दागिना, कोपरापर्यंत बांगड्या, घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वाळे, कमरेला मेखला. आणि दागिने सोडले तर अंगावर विशेष काही नाही. साडूंना ती कोण हे ठाऊक नव्हतं. परकी समजून ओशाळल्या मनाने त्यांनी आपल्याच जिल्ह्याच्या सुनेचा चोरून फोटो काढला होता. खरं तर लेकीचा.

फोटो हातोहात फिरला. कॅप्टननं तो दोन बोटांनी मोठा केला आणि बराच वेळ बघत राहिला. "ही आपल्याकडचीच," तो शेवटी म्हणाला. "आमची आजी असेच चुडे घालायची, कोपरापस्तोर. काढायचीच नाही. भाकरी थापताना खळखळ वाजायचे." मग जरा थांबून, "कपडे काहून नाही घातले पण?"

त्याला उत्तर कुणाकडेच नव्हतं. आम्ही नदीकाठची लेणी पाहिली आणि तिथेच धपाटे सोडले. ठेच्यानं साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवसभरातलं तेवढंच, असं मी मनात म्हटलं, पण ते चूक ठरलं.

कारण पुढचं बेट होतं असई. 23 सप्टेंबर 1803. इंग्रजांकडून आर्थर वेलस्ली सात हजारांच्या आसपास फौज घेऊन आला आणि समोर शिंदे-भोसल्यांची पन्नास हजारांच्या घरातली. शिंद्यांच्या कवायती पलटणींवर पोलमान नावाचा जर्मन सेनापती. मध्ये केळणा. वाटाडे वेलस्लीला म्हणाले, इथे उतार नाही. त्यानं पाहिलं, नदीच्या या काठाला एक गाव आणि बरोबर समोर दुसऱ्या काठाला दुसरं. तो म्हणाला, गावं अशी समोरासमोर वसली म्हणजे ये-जा असणारच, आणि ये-जा आहे म्हणजे उतार आहे. उतार निघाला.

"त्याला सोयरीक कळत होती, गुरुजी," कॅप्टन म्हणाला. "समोरासमोर गावं म्हणजे एकाची पोर दुसऱ्यात दिलेली."

तीस वर्षांत एकाही पाठ्यपुस्तकानं मला हे इतकं नीट समजावलं नव्हतं. उत्साहाच्या भरात मी क्रूझर काठाशी घ्यायला लावली. पावसाळ्याचं पाणी होतं, गुडघ्याएवढं असेल. समोर गाव दिसत होतं, मागे एक गाव होतंच. "घाला गाडी," मी म्हटलं. "वेलस्लीनं तोफा घातल्या होत्या."

कॅप्टननं शेरडं राखणाऱ्या एका म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, इथून उतार हाये का?"

"असंल की," म्हातारा म्हणाला. "पन पलीकडं पूल हाये ना. इथून कशाला मरता?"

साडूंनी मात्र बूट काढले, पँट वर केली आणि नदीत जाऊन उभे राहिले. मी काठावरून व्याख्यान चालू ठेवलं. एल्बावरून निसटलेल्या नेपोलियनला 18 जून 1815 रोजी वॉटर्लूला ज्यानं गाठलं तो हाच वेलस्ली. आपली सगळ्यांत चांगली लढाई कोणती, असं त्याला पुढे विचारलं तेव्हा तो वॉटर्लू नव्हे तर असई म्हणाला, असं सांगतात. शिंद्यांच्या तोफांनी त्याची दीडेक हजार माणसं जखमी-ठार केली होती. ते विसरणं सोपं नव्हतं. मी नुकता संध्याकाळच्या शेवटच्या हल्ल्यापर्यंत आलो होतो, तेवढ्यात सौ.चा फोन वाजला.

शेजारच्या वहिनी. "उद्याचं पाणी आज येतंय. सातला."

पुढचं सगळं मला नीट आठवत नाही. साडूंना ओल्या पायांनी आत ओढलं, म्हाताऱ्याला मोसंब्या दिल्या आणि क्रूझर जालन्याच्या दिशेने अशी सुटली की वेलस्लीच्या घोडदळाला मागे टाकलं असतं. नेपोलियन वॉटर्लूलाच राहिला.

सात वाजता आम्ही सगळे रांगेत होतो. मोटार, पाइप, दोन पिंपं, एक हौद, सहा कळश्या, आणि मग घरातली पातेली, पातेल्यांनंतर डबे. साडू बादल्या उचलत होते. पुण्याच्या माणसानं बादली इतकी काठोकाठ भरून आणलेली मी प्रथमच पाहिली. नऊ वाजता नळ गुरगुरला आणि थांबला. साडू पिंपाला टेकून उभे राहिले.

"टायबेरियसच्या टाक्या," ते धापा टाकत म्हणाले, "अशाच होत्या बघा. फक्त दगडी."

"त्या भरायला त्याची बायको उठत होती का?" सौ.नं झाकण लावता लावता विचारलं.

साडूंनी क्षणभर आठवलं. "नव्हती हो तिथे. तिला तिच्या बापानंच आधी दुसऱ्या एका बेटावर धाडलं होतं. ऑगस्टसनं."

"मग बरोबर आहे," सौ. म्हणाली, "म्हणून एवढ्या मोठ्या बांधाव्या लागल्या," आणि साडूंच्या हातात रिकामी कळशी दिली, कारण नळ पुन्हा गुरगुरत होता.