नॅपकिनचा राजहंस

परवा एका घरी जेवायला गेलो. प्रत्येक ताटलीत कडक इस्त्रीचा, पांढराशुभ्र राजहंस बसलेला. सुती नॅपकिन! त्याची मान मोडायचं धाडस कुणाला होईना. डावीकडे काटा, उजवीकडे सुरी आणि मधे भरली वांगी, भाकरी. सुरीनं भाकरी कापणारा वीर अजून जन्मायचाय.

मांडणीचं शास्त्र आपल्याला का नवं आहे? केळीच्या पानाचं टोक डावीकडे, वर मधोमध मीठ, डाव्या अंगाला लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. भोवती रांगोळी. जेवण झालं की पान गाईपुढे आणि हात पुसायला धोतराचा सोगा. इस्त्रीचा खर्च शून्य.

शेवटी व्हायचं तेच झालं. वांग्याचा रस्सा टपकला, हंस पिवळा पडला. “असू दे हो, त्यासाठीच तर ठेवलाय,” वहिनी म्हणाल्या. नजर मात्र हंसावरून हलेना. बाकीच्यांनी मग मुकाट्यानं खिशातले रुमाल काढले.

वहिनी, एवढंच सांगतो: साबण लागला की हळदीचा डाग लाल होईल, घाबरू नका. धुऊन कडक उन्हात टाका, उतरेल.