मोलीच्या कांजिण्या

ज्या घरात रविवारी बांगडे तळले जातात, त्या घरात मासा आजारी पडला की सगळ्यांचीच जरा पंचाईत होते. आत ओट्यावर आलं-लसणाचं वाटण चोपडलेले बांगडे मुरत असतात आणि बाहेरच्या खोलीत अख्खं घर काचेच्या टाकीपुढे चेहरा पाडून बसलेलं असतं, कारण काळ्या मोलीच्या शेपटीवर पांढरे ठिपके उठलेत. खडेमिठाची बरणी एकच. आतल्यांना चव यावी म्हणून त्यातलंच चिमूटभर, आणि बाहेरच्यांना उतार पडावा म्हणून लिटरला एक-दोन ग्रॅम. बरणीला याचं काही वाटत नाही.

दुकानदार ‘व्हाइट स्पॉट’ म्हणून मोकळा होतो आणि हिरव्या औषधाची बाटली पुढे सरकवतो. हा ठिपका म्हणजे एकपेशीय जीव, वाढून वाढून फार तर मिलिमीटरभर. नाव मात्र इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस. 1876 साली फुके नावाच्या अभ्यासकाने ठेवलेलं. ते त्याच्या अंगावर लिहायचं म्हटलं तर पहिलं अक्षरही मावायचं नाही. तो माशाच्या कातडीत शिरून बसतो आणि तिथे आहे तोवर औषधाला दाद देत नाही. पोट भरलं की आपणहून गळून पडतो, तळाच्या खड्यांवर स्वतःभोवती कवच करून घेतो आणि आत एकाचे शेकडो होतात. ही पोरं बाहेर पडून नवा मासा शोधत हिंडतात, तेवढ्या दिवस-दोन दिवसांतच काय तो औषधाचा इलाज चालतो. म्हणजे दिसतो त्याला मारता येत नाही, आणि मारता येतो तो दिसत नाही. म्हणून मग रोगालाच घाई करायची. हिटर लावून पाणी हळूहळू तीस अंशांच्या आसपास न्यायचं. थंड पाण्यात आठवडेच्या आठवडे रेंगाळलं असतं ते आयुष्य उबेला काही दिवसांत उरकतं. एखाद्याला बालपण, प्रपंच, मुलंबाळं सगळं भराभर आटपायला लावून शेवटी दारात गाठायचं, यात थोडा दुष्टपणा आहे खरा. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून एअर पंप रात्रंदिवस घुरघुरत ठेवायचा. आणि फिल्टरमधला कोळसा आठवणीने काढायचा, नाहीतर औषध तोच पिऊन बसतो.

मोली मधूनच तिरपी होते आणि खड्यांवर अंग घासून घेते, तेव्हा मला कांजिण्या आठवतात. अंथरुणावर कडुनिंबाचा पाला, उशाशी आजी. खाज सुटली की नखं लावू द्यायची नाही. हातातली डहाळी पाठीवरून अशी फिरवायची की खाजेलाच झोप लागावी. मोलीच्या उशाशी कोण बसणार? काचेवर बोट टेकवून ‘नको गं घासू’ एवढंच आपण म्हणू शकतो, आणि बोट दिसताच ती दुखणं विसरून वर येते. तिला वाटतं, खाऊ आला.

ठिपके गेले की घर आनंदतं आणि टीव्हीकडे वळतं. खरं तर तेव्हाच हात आखडायचा नसतो, तळाशी कवचं असू शकतात. आणखी काही दिवस औषध, नळीने तळ ओढून थोडं थोडं पाणी बदलणं. या बादल्या वाहण्याचं कौतुक कोणी करत नाही. बाजारातल्या कोळीणमावशींनी मात्र केलं. हातातला सुरा खाली ठेवून, खवले चिकटलेली बोटं पदराला पुसून त्यांनी मोबाइलवरचा फोटो लांब धरून पाहिला.

“बिचारी!” त्या म्हणाल्या. सकाळपासून किती सुरमया कापल्या असतील, देव जाणे. पण ‘बिचारी’ अगदी पोटातून आलं. “मीठ टाकलंस ना रं?”

“टाकलं, मावशी.”

“आनि हलद?”

हा प्रश्न औषधाचा होता की कालवणाचा, ते विचारायचा मला धीर झाला नाही. मी बांगड्यांचा भाव विचारला.