रविवारी आमचा निजाम झाला

ती. आई आणि दादांस,


कुकर लावलाय. तिसऱ्या शिट्टीला उठावं लागेल, तेव्हा मधेच वाक्य तुटलं तर समजून घे. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "तिकडं युद्ध होणारे का गं?" हे चारदा विचारलंस, आणि मी सांगणार तेवढ्यात बाळूनं फोन ओढून घेऊन नव्या मोटरसायकलचं ॲव्हरेज सांगितलं. म्हणून पत्र.

युद्धबिद्ध काही नाही. बाळूनं मोबाईलवर जे वाचलं आणि तुला तिखटमीठ लावून सांगितलं, तो इथल्या सरकारचा जुनाच सल्ला आहे. पूर आला, वीज गेली, दुकानं बंद पडली तर घरात दहा दिवसांचं खायला-प्यायला असू द्या, असं जर्मन सरकारचं नागरी संरक्षणाचं खातं लोकांना सांगत असतं. २०१६ मध्ये यावरून बरीच चेष्टा झाली होती. मग कोरोनात पिठाच्या आणि टॉयलेट पेपरच्या फळ्या रिकाम्या दिसल्या तेव्हा चेष्टा करणारेच रांगेत पुढं होते. असं भराभरा घेऊन ठेवण्याला इथं हाम्स्टरवरून शब्द आहे. हाम्स्टर म्हणजे गालात दाणे कोंबणारा उंदरासारखा प्राणी. आपली घूस समज, फक्त इथं ती हौसेनं पाळतात.

पण दहा दिवस, आई! माणशी हिशेब छापलाय: पाणी आणि इतर पेयं २० लिटर, धान्य साडेतीन किलो (त्यातच पाव, बटाटे, शेवया धरून), भाज्या-कडधान्यं ४ किलो, आणि तेल-तूप-लोणी मिळून ३५७ ग्रॅम. ३५७! वरचे सात ग्रॅमसुद्धा सोडले नाहीत. दादांना पुरणपोळीच्या पंगतीला बसवून एकदा मोजायला हवं. आजीच्या राज्यात कणगीत दहा दिवसांची ज्वारी उरली की घरात कुणी मोठ्यानं हसत नसे. बहात्तरचा दुष्काळ काढलेली बाई. मिलोच्या लाल भाकरीचं नाव निघालं की पदरानं तोंड पुसायची, जणू घास अजून तोंडातच आहे.

पहिली शिट्टी.

तर रविवारी आमचा निजाम झाला. दादा, हसू नका. पाहुणा आला की त्याला किल्ल्यावर नेऊन तुम्ही जे ऐकवता ते मी आता चिनूला ऐकवते. ११ मार्च १७९५, निजाम पळून आपल्या खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, मराठ्यांनी बाहेरून कोंडलं, आत पाण्याचे आणि दाण्याचे वांधे झाले, आणि मुकाट तहाला बसला. "तोफेनं नाही, हंड्यानं हरला." यावर चिनूचा प्रश्न: "आत जायच्या आधी त्यानं लिस्ट चेक केली नव्हती का?"

लिस्टचं खातं तिच्याकडेच आहे. अकरा वर्षांची आहे, पण तुझ्या जावयांवर गेलीय. कॉम्प्युटरवर तक्ता केलाय: वस्तू, किती आहे, कुठल्या डब्यात, कोणत्या तारखेपर्यंत. मी स्वयंपाक करता करता ओरडून सांगायचं आणि तिनं भरायचं. गेल्या आठवड्यात मी ओरडले, "चिनू, चहा वाढला. मीठ वाढलं. साखरही वाढत आलीय." तिनं तिन्ही ओळींपुढं अधिकचं चिन्ह टाकलं. वर हिरवा रंग भरला. तुझे जावई शनिवारी तक्ता घेऊन दुकानात गेले आणि हिरवं आहे ते बरोबर सोडून बाकी सगळं घेऊन आले.

आता इथल्या रविवारचं सांगते, कारण माझा सगळा राग तिथं आहे. रविवारी दुकानं बंद. कायद्यानं. कोपऱ्यावरचा वाणी नाही, "काका, शटर अर्धं वर करा" नाही, पोराला मागच्या दारानं पाठवायची सोय नाही. बेकरी सकाळी थोडा वेळ उघडते, स्टेशनवर आणि पेट्रोल पंपावर थोडंफार मिळतं, पण चहापत्ती म्हणून जे मिळालं ते दोऱ्याच्या पुरचुंडीतलं, बडीशेप आणि पुदिन्याचं. बाळाच्या पोटदुखीला देतात तसलं. सकाळी आठला बिनसाखरेचा बडीशेपेचा काढा आणि अळणी पोहे पुढं घेऊन आम्ही तिघं बसलो होतो. सण लागून आला तर हे दोन-दोन दिवस चालतं. शेजारपाजारच्यांना यात काही गैर वाटत नाही. शांतता हवी म्हणतात. अगं, चहाशिवाय कसली शांतता?

मी चिनूला समजावलं की घरात कुठली वस्तू संपली असं म्हणायचं नसतं, वाढली म्हणायचं. आजी मला या शब्दावरून पाठीत धपाटा घालायची. चिनू म्हणाली, "मग खरंच वाढली तर काय म्हणायचं?" दादा, तुमची शिक्षकी कामाला येऊ द्या, कारण मला उत्तर आलं नाही. घरात खरंच काही वाढलंय असं सांगायची वेळ आजीवर आली तरी होती का?

पार्सल मिळालं. म्हणजे दारात चिठ्ठी मिळाली, कस्टमला येऊन घेऊन जा. घरच्यांनी पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत असेल तर कर नाही, पण बाहेरून मांस आणि दुधाचा कुठलाही पदार्थ चालत नाही. खिडकीतला पोरगा बाळूच्या वयाचा, हातमोजे घालून, फार अदबीनं एकेक पुडा उचलत होता. "हे काय?" येसर. "म्हणजे?" बाजरी, हरभऱ्याची डाळ, खोबरं, धने, सगळं भाजून दळलेलं. "औषध आहे का?" नाही, आमटी आहे. त्यानं पिशवी हलवून बघितली आणि म्हणाला, पण हे तर कोरडं आहे. मग किंमत विचारली. म्हटलं आईनं घरी केलंय. "हो, पण किंमत?" त्याच्या रकान्यात आकडा लागतो, त्याला तरी काय म्हणणार. मी पाच युरो सांगितले. बसमध्ये घरापर्यंत वाईट वाटत राहिलं. ते भाजताना तुला ठसका लागतो, तरी तू खिडकी उघडत नाहीस, वास जाईल म्हणून. आणि मी पाच म्हणाले.

तूप तिथंच ठेवावं लागलं. मी सांगून पाहिलं की चांगलं कढवलंय, पाण्याचा थेंब नाही. पण तूप म्हणजे दूध, आणि दूध म्हणजे नाही. वर एका कागदावर सही, की हे नष्ट करायला माझी हरकत नाही. हरकत नाही! पुढच्या वेळी तूप घालू नकोस. तू घालशीलच, पण मी सांगितलं होतं एवढं लक्षात ठेव.

दुसरी शिट्टी.

हुलग्याचं पीठ सुखरूप आलं. त्याच रात्री शेंगोळे केले. तुझे जावई दोन वाट्या खाऊन झोपले, घोरलेसुद्धा. ज्वारीचं पीठ मात्र पाठवू नकोस, वजनात परवडत नाही. इथं विकत मिळतं, किलोला चार युरो, म्हणजे आपले चारशे रुपये धर. दादांना हा भाव सांगू नकोस. रानातली सगळी मालदांडी पोत्यात भरून विमानतळावर येऊन बसतील. आणि बाळूला सांग, तू भाकरी बाजूला सारून पाव खातोस, तीच भाकरी इथं पथ्याची म्हणून भारी दुकानात काचेमागं आहे.

आता काकूंचं. लग्नात दिलेली पातेली मोजून परत मागितली, हे वाचून मी ओट्याला टेकून हसले. पण आई, एक सांगू? काकूंचं बरोबर आहे. सातातली एक कमी आलीय ना? मावशीकडं बघा, झाकणी तपासा. नाव कोरलेलं असेल. आणि मावशीचं लोणचं बुरसलं त्यात काकूंच्या नजरेचा काही संबंध नाही, ओल्या चमच्याचा आहे. बाळूलाही सांग, किल्ल्यापाशी उभारलेला भगवा झेंडा गच्चीवरून दिसतो हे मला २०२१ पासून माहीत आहे, ७४ मीटर उंच आहे हेही पाठ झालंय. दर फोनला नको.

आमच्या इमारतीत प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात लाकडी पट्ट्यांचा एक कप्पा आहे. लोक तिथं सायकली ठेवतात. मी बळद केलंय. तांदळात तमालपत्र, डाळींना एरंडेल, मिरच्यांची फडक्यातली पुरचुंडी. कडुलिंबाचा पाला काही मिळत नाही. खालच्या मजल्यावरच्या आजींचा कप्पा शेजारी, मुरांब्याच्या आणि काकड्यांच्या बरण्यांवर साल लिहिलेलं, जुनी बरणी पुढं, नवी मागं. दुसरं महायुद्ध संपल्यावर त्या आईबरोबर खेडोपाडी जायच्या, घरातल्या चादरी देऊन बटाटे आणायला. त्यांनी माझ्या डाळीत हात घातला, मनगटापर्यंत, आणि तसाच ठेवला. आजी कणगीत घालायची तसा. मी उगाच किल्ली शोधायला लागले.

आणि याच आठवड्यात बाळू म्हणतो, घरचं बळद पाडून तिथं अटॅच्ड बाथरूम करायची! आत काही नाही म्हणे. काही नाही कसं? लपाछपीत मी आत उतरले आणि झोप लागली, तुम्ही गावभर शोधलंत, ते काही नाही? अजून हात घातला तर तळाशी ज्वारीचं बुसकट लागेल. पाडू नका. निदान मी येईपर्यंत.

चिनू आत्ता पार्सलचे पुडे तक्त्यात भरतेय. "तारीख" रकान्यात काय लिहू, विचारत होती. तुझ्या पुड्यांवर तारीख कुठली? मला नाही माहीत म्हटल्यावर तिनं येसरापुढं, हुलग्यापुढं आणि शेंगदाण्याच्या चटणीपुढं ओळीनं तीनदा लिहिलं: आजी.

तिसरी झाली. उठते.

तुझी,
बेबी

ता. क. बळदाचं माप घेऊन पाठव. लांबी, रुंदी, खोली. कशाला हवंय ते विचारू नकोस.