सेहेचाळीस सेंटिमीटरचं पारायण

मोठेबाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही आठवडे वाचन बंद करायला सांगितलं. दुसऱ्या एखाद्या गावात ही साधी सूचना ठरली असती. शेगावात तसं नाही. खामगावच्या जिनिंगमधून निवृत्त झाल्यापासून मोठेबाबांनी एकही गुरुवार चुकवलेला नाही. दासगणूंच्या 'श्रीगजाननविजय' ग्रंथाचे एकवीस अध्याय आहेत. त्यातले तीन दर गुरुवारी, आणि माघ वद्य सप्तमीला, गजानन महाराजांच्या प्रकटदिनी, सगळेच्या सगळे एका बैठकीत. डॉक्टर बाहेरगावचे असावेत.

तोड माझ्या मुलीनं काढली. ती इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. तिनं मोबाइलवर पोथी लावून दिली, आणि मोठीआईचा सकाळचा रेडिओ त्याच ओसरीत चालत असल्यामुळे कानात घालायला इअरफोन दिले. वायरवाले. गाडीत विकायला येतात तसले, कच्चोरीवाला पुढे सरकला की मागून येणाऱ्या पोऱ्याकडून घेतलेले.

पहिला गुरुवार उत्तम गेला. मोठेबाबांनी अध्याय संपल्यावर वायर चार बोटांभोवती निगुतीनं गुंडाळली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. दुसऱ्या गुरुवारी खिशातून जे निघालं त्याला सुरुवातही नव्हती आणि शेवटही नव्हता. अंघोळ झालेली, गंध लावलेलं, उदबत्ती पेटलेली, आणि मोठेबाबा पाटावर बसून नखानं गाठी उकलताहेत. उदबत्ती विझली तेव्हा डावा कान मोकळा झाला होता.

"रात्रून कोन गुतवून ठेवते रे हे?" त्यांनी नातवांकडे रोखून पाहिलं.

"कोनी नाही गुतवत," मोठीआई आतून म्हणाली. "तुमच्या खिशात चाव्या, चिल्लर, तुळशीची माळ, चष्म्याची दोरी, गोळ्यायचं पाकीट. त्यात वायर टाकली तं ते काय आपल्या मनानं सुटी राहीन?"

मोठीआईनं हे सहज म्हटलं, पण जवळजवळ याच निष्कर्षावर यायला अमेरिकेत तीन हजारांवर प्रयोग करावे लागले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या शाखेत डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी खोक्यात दोरा टाकला, खोकं मोटरीनं गरगर फिरवलं, उघडून पाहिलं, आणि पुन्हा टाकला. असं ३,४१५ वेळा. २००७ मध्ये त्यांचा शोधनिबंध छापून आला आणि पुढच्याच वर्षी त्यांना इग्नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते. गाठ पडायला काही सेकंद पुरतात, असं त्यांना आढळलं. एकशेवीस वेगवेगळ्या प्रकारच्या गाठी त्यांनी ओळखल्या, आणि त्या ओळखायला गणितातली एक अवघड बहुपदी वापरली. आमच्या खिशात पडते ती एकशेएकविसावी असावी असा माझा दाट संशय आहे.

मुलीनं हे सगळं मोठेबाबांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "यायले पगार कोन देते?"

गाठ पडण्यातली करणी मात्र समजून घेण्यासारखी आहे. गुंडाळलेल्या दोऱ्याचे वेढे एकमेकांशेजारी पडलेले असतात. त्याचं मोकळं टोक हलता हलता शेजारच्या एका वेढ्यावरून जातं, पुढच्याच्या खालून जातं, परत वरून येतं. वेणी घालताना बायका जे बघून करतात ते टोक न बघता करतं, एवढाच फरक. चार-दोन वेळा असं झालं की गाठ तयार. सुटण्यासाठी त्याच टोकाला त्याच वाटेनं उलटं चालत यावं लागेल, आणि ते कोण सांगणार त्याला? बरं, साध्या दोऱ्याला टोकं दोन. इअरफोनला तीन: दोन कान आणि एक पिन. म्हणजे ज्यानं कुणी ही वस्तू आखली त्यानं गाठीची सोय आधी केली आणि मग गाण्याची.

डिझाइन करणाऱ्यांनी हातपाय हलवले नाहीत असं नाही. कुणी वायर शेवईसारखी चपटी केली. चपटी वायर सगळ्या बाजूंनी सारखी वळत नाही, त्यामुळे गाठ कमी पडते हे खरं. पण वारा आला की ती फडफडते आणि दर ओवीला कानात खडखड होते. कुणी वर विणलेलं कापड चढवलं, वायर जरा ताठ झाली. ताठ दोरा खोक्यात हलायला कुचरतो, हे त्या दोघांच्याही प्रयोगात दिसलं होतं. कुणी चक्क चेन बसवली, स्वेटरला असते तशी, आणि दोन्ही कानांच्या वायरी त्या चेनेत बंद केल्या. आमच्याकडे तीही आली. चेन ओढताना मोठेबाबांची दाढी तीत अडकली. त्यानंतर ती भाच्याकडे गेली.

यातली सर्वांत साधी कल्पना मला सर्वांत हुशारीची वाटते: दोन्ही बोंडांच्या पाठीला लोहचुंबक. काम झालं की बोंडं एकमेकांना चिकटतात आणि मोकळी टोकं दोनानं कमी होतात. गाठीचं भांडवलच काढून घ्यायचं. पण मोठेबाबांच्या खिशात चाव्याही असतात. चुंबकानं आपला जोडीदार सोडून कपाटाची चावी पसंत केली.

भागवत सप्ताहाच्या मंडपातल्या साउंडवाल्यानं वेगळीच विद्या दिली. हा माणूस शंभर-शंभर फुटांच्या केबली रोज पसरतो आणि रोज गोळा करतो, त्याची वायर कधी गुंतलेली नसते. त्यानं दाखवलं: एक वेढा सुलटा घ्यायचा, दुसरा मनगट आत वळवून उलटा घ्यायचा. सुलट्यानं पडलेला पीळ उलटा वेढा काढून टाकतो. बारीक वायर असेल तर अंगठा आणि करंगळी यांच्यामध्ये इंग्रजी आठचा आकडा काढायचा, हिशेब तोच. मोठेबाबांना हे एकदम पटलं. कापसात उभी हयात गेलेल्या माणसाला पिळाबद्दल काही सांगावं लागत नाही. ते दिवसभर ओसरीत बसून आठ काढत राहिले. पीळ गेला. पण खिशात घालून देवळापर्यंत चालत जाऊन आले की टोकं पुन्हा आपल्या उद्योगाला लागलेली असत. साउंडवाला म्हणाला, "मी केबल खिशात घालून फिरत नाही काका."

मग वायरच नको असं ठरलं. तसंही २०१६ मध्ये आयफोनच्या सातव्या अवतारानं पिनेचं भोकच बुजवलं आणि बाकीचेही हळूहळू त्याच मार्गाला लागले. बिनवायरचे इअरफोन आणले. गाठ नाही, गुंता नाही, आणि तिसऱ्या अध्यायाच्या आत उजवं बोंडही नाही. ते तुरीच्या डाळीच्या डब्यात निघालं. कसं गेलं हे मोठीआईला माहीत आहे, ती सांगत नाही. शिवाय पोथी ऐकायची तर फोन चार्ज पाहिजे, डावा चार्ज पाहिजे, उजवा चार्ज पाहिजे आणि ज्या डबीत ते ठेवायचे तीही चार्ज पाहिजे. गुरुवारच्या उपासापेक्षा हे व्रत कडक होतं.

मध्येच एक उपकथा. हेडफोन प्रथम कुणी केले, असं मोठेबाबांनी विचारलं म्हणून मुलीनं सांगितलं, की अमेरिकेतल्या युटामध्ये नॅथॅनिएल बाल्डविन नावाच्या माणसानं घरच्या स्वयंपाकघरात बसून चांगल्यापैकी हेडफोन तयार केले आणि ते तिथल्या नौदलाला विकले, १९१० साली. मोठेबाबा ताठ बसले. १९१०च्या ८ सप्टेंबरला, ऋषिपंचमीला, महाराजांनी शेगावात समाधी घेतली. "पाह्य," ते म्हणाले, "आवाज ऐकाची सोय लावूनच गेले." यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या ३,४१५ प्रयोगांत एक आकडा होता, तो मुलीनं ओझरता सांगितला आणि मोठेबाबांनी पकडला. सेहेचाळीस सेंटिमीटरपेक्षा आखूड दोऱ्याला गाठ पडलीच नव्हती. त्यापुढे लांबी वाढेल तशी शक्यता झपाट्यानं वाढते आणि दीड मीटरच्या आसपास निम्म्यावर जाऊन थबकते. इअरफोनची वायर सव्वा मीटरच्या जवळपास असते. म्हणजे बरोब्बर गाठीच्या राज्यात.

"एवढी लांब कायले पाह्यजे?" मोठेबाबांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर पँटच्या खिशात आहे. जगभरच्या डिझाइनरांनी माणूस पँट घालतो आणि फोन तिच्यात ठेवतो असं धरून चालून वायर मापली. आमच्याकडे पन्नाशीच्या पुढचा गृहस्थ फोन ठेवतो छातीवरच्या खिशात, डायरी आणि पेनाच्या शेजारी. मोठीआईच्या शिलाईच्या टेपनं माप घेतलं. खिशापासून कानापर्यंत एक वीत आणि चार बोटं. मान वळवायला थोडी सूट धरली तरी सेहेचाळीसच्या आत. ही सूचना अगदीच अडाणी नाही. सोनीच्या काही जुन्या इअरफोनांना अर्ध्या मीटरचीच वायर असे, आणि लांब हवी असणाऱ्यासाठी वेगळी जोडवायर मिळे.

मुलीनं बजावलं, की तो आकडा त्यांच्या दोऱ्याचा आणि त्यांच्या खोक्याचा आहे, आजोबा.

"काहून? फिजिक्स काय अमेरिकेत येगळं असते?"

स्टेशन रोडवरच्या मोबाइल दुरुस्तीवाल्या पोरानं आधी ऐकूनच घेतलं नाही. तुटलेली वायर जोडून मागणारे रोज येतात, चांगली वायर तोडून मागणारा पहिलाच. मग त्यानं कापली. आतून केसासारख्या बारीक तारा निघाल्या, लाल, हिरव्या आणि तांब्याच्या रंगाच्या. तो रंग म्हणजे वार्निशचा थर असतो. तो जाळल्याशिवाय सोल्डर धरत नाही, आणि तारांमध्ये धागेही गुंफलेले असतात, ते आधी पेटतात. पोरानं हे सगळं चहा थंड होऊ देऊन केलं. पैसे घेताना म्हणाला, "उरलेली वायर पाह्यजे का?" मोठेबाबांनी ती घेतली.

आणि गाठ बंद झाली. अगदी बंद. खिशातून काढा, झटका, कानात घाला. विज्ञानाचा असा रोकडा अनुभव आमच्या घरात याआधी प्रेशर कुकरनंच दिला होता. किरकोळ अडचणी होत्या. मोठेबाबा आता कुणाशी बोलताना मान न वळवता अख्खे वळत. देवळात वाकून नमस्कार केला तेव्हा फोन खिशातून निसटला आणि कानांना लटकला. बाहेर आल्यावर लोकांनी विचारपूस केली. अध्याय मात्र थांबला नाही, हे ते अजून अभिमानानं सांगतात.

पुढच्या गुरुवारी इअरफोन मोकळे निघाले, पण त्यांच्यासोबत चष्म्याची दोरी आणि तुळशीची माळ एकजीव होऊन बाहेर आली. एक टोक शांत झालं तर दुसऱ्यांनी जागा भरून काढली होती. मोठेबाबांनी टेप मागवला. माळेला हात लावता येत नाही. राहिली दोरी. ती भरली सत्तर सेंटिमीटर.

दुरुस्तीवाल्या पोराकडे जायची गरज पडली नाही, घरातच कात्री होती. सेहेचाळीसवर खूण केली, कापली, दोन्ही टोकं चष्म्याच्या दांड्यांना ओवली. मग मोठेबाबा आरशासमोर उभे राहिले आणि चष्मा गळ्यात घालू लागले. तो कपाळापर्यंत आला आणि तिथंच थांबला. दोरी मागून खाली उतरेना. त्यांनी डावीकडून प्रयत्न केला, उजवीकडून केला.

मोठीआई दारात उभी राहून बघत होती.

"मंग आता डोक्सं कापून आना थोडंसं," ती म्हणाली.