पातं मोडलं, हंगाम बुडाला

फवारणीचा ड्रोन कधी ना कधी पडतो. बांधावरची बाभूळ, दोन डांबांमधली सैल विजेची तार, द्राक्षबागेच्या मांडवाचे ताण, दुपारी अचानक सुटणारा वारा, हे सगळं आपल्या शिवारात आहेच. चांगल्या हाताचा पायलटही एखादा दिवस चुकतो. तेव्हा ड्रोन पडतो का, हा प्रश्नच नाही. पडल्यावर तो किती दिवसांत आणि किती रुपयांत पुन्हा उडतो, हे विचारायला हवं. महाराष्ट्रातल्या बहुतेक तालुक्यांत याचं उत्तर द्यायला कोणी नाही.

पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२३ला लाल किल्ल्यावरून १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याची घोषणा केली. त्याच नोव्हेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने 'नमो ड्रोन दीदी' योजनेसाठी १,२६१ कोटी रुपये मंजूर केले. किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान; उरलेल्या रकमेला कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज. या योजनेच्या मार्गदर्शक सूचना वाचल्या तर लिहिणाऱ्याला शेत ठाऊक होतं, हे मान्य करावं लागतं. ड्रोनसोबत चार जादा बॅटरी संच, सहा पंख्यांचा एक जादा संच, नोझलचा संच, एक वर्षाचा विमा, दोन वर्षांचा देखभाल करार, गटातल्या एकीला पायलटचं आणि घरातल्या कुणाला तरी सहायकाचं प्रशिक्षण, असं सगळं त्यात आहे.

पण विमा एक वर्षाचा, करार दोन वर्षांचा. ड्रोन मात्र तिसऱ्या वर्षीही उडवायचा आहे. कर्जाचा हप्ताही तेव्हा चालूच असतो.

पडलेला ड्रोन जवळून बघा, म्हणजे खर्च कुठून कुठे जातो ते कळेल. पंख्याचं टोक तारेला लागतं. पंखा कार्बन फायबरचा असला तर उभा चिरतो. त्या झटक्याने मोटरचा शाफ्ट केसभर वाकतो. तो डोळ्यांना दिसत नाही, हाताने फिरवल्यावर खरखर लागते. यंत्र त्याच बाजूला कलतं आणि आर्म जिथे दुमडतो तिथे मोडतो. दहा लिटरची टाकी भरलेली असते, सगळा भार लँडिंग गिअरवर येतो, तोही जातो. वर जीपीएसचा दांडा वाकलेला. अनेक ड्रोनमध्ये मोटर, तिचा वेग सांभाळणारा ईएससी आणि पंखा असा एकच जोडलेला संच असतो. त्यातला ईएससी जळला तरी अख्खा संच बदलायला सांगतात. पंख्यांची जोडी दोन-तीन हजारांत येते, मोटरचा पूर्ण संच साधारण पंधरा-वीस हजारांच्या घरात जातो. त्यावर मजुरी आणि नेण्या-आणण्याचं भाडं. एका फांदीने गटाची महिन्याची कमाई जाते.

तरीही रक्कम हा दुय्यम भाग आहे. खरा घाव दिवसांचा आहे. सोयाबीनवर अळी आली की ती लहान असतानाच औषध लागू पडतं. शेतकरी दोन दिवस थांबतो, तिसऱ्या दिवशी पाठीवरचा पंप काढतो. इकडे ड्रोन खोक्यात घालून टेम्पोने पुण्याला किंवा थेट हैदराबाद-चेन्नईला रवाना होतो. तिथून फोन येतो की सुटा भाग मागवलाय. ऑगस्टमध्ये गेलेला ड्रोन सप्टेंबरात परत आला तर त्याने खरीप पाहिलाच नाही. तीन हजारांच्या पंख्यापायी पन्नास-साठ हजारांचं काम हातचं जातं. हे नुकसान कुठल्याही विम्यात बसत नाही आणि कुठल्याही आढाव्यात दिसत नाही.

बॅटरीचं तर कोणी नीट बोलतच नाही. तिला पडावं लागत नाही, ती वापरानेच संपते. हिशेब करू. सरकारचंच म्हणणं आहे की एक ड्रोन दिवसाला वीस एकर सहज फवारतो. एकराला एक टाकी, एका टाकीला एक बॅटरी संच. हाताशी पाच संच असले तर प्रत्येक संच दिवसाला चार वेळा चार्ज होतो. वर्षात साठ दिवस काम मिळालं तर झाले २४० वेळा. लिथियम पॉलिमर बॅटरी उन्हातान्हात, घाईघाईने चार्ज करत वापरली तर दोनशे-तीनशे चार्जिंगनंतर दम सोडते. म्हणजे भरपूर काम मिळवणाऱ्या गटाचे पाचही संच वर्षा-सव्वा वर्षात बाद. एक संच ४० हजारांचा धरला आणि २५० चार्जिंग धरल्या, तर एकरी १६० रुपये नुसत्या बॅटरीचे. फवारणीचा दर आपल्याकडे एकरी तीनशे ते पाचशे. त्यात पायलटची मजुरी, गाडीचं डिझेल, जनरेटर, कर्जाचा हप्ता बसवा. पाच संच एकदम बदलायचे तर दोन लाख रुपये उभे करा. योजनेने गटाला वर्षाला किमान एक लाख रुपये उत्पन्नाची आशा दाखवली आहे. ज्या गटाने पहिल्या दिवसापासून एकरी १६० रुपये वेगळे काढले नाहीत, त्याचं दोन वर्षांचं सगळं उत्पन्न या एका खरेदीत जाईल.

हा हिशेब प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर लिहायला हवा. त्याबरोबरच बॅटरी कशी वागवायची हेही. गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. हंगाम संपल्यावर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी करून ठेवायची नाही, निम्म्यावर ठेवायची. बॅटरीवरून तळहात फिरवला आणि पोट फुगलेलं लागलं, तर ती त्याच दिवशी बाजूला काढायची, घराबाहेर, मोकळ्या जागी. पडलेल्या ड्रोनची बॅटरी वरून धड दिसली तरी पुन्हा वापरायची नाही. आत इजा झालेली बॅटरी काही तासांनीही पेट घेऊ शकते.

दुरुस्तीचं दुकान जवळ नसलं की जुगाड सुरू होतो. पात्याला फेविक्विक, आर्मला चिकटपट्टी, दुसऱ्याच कंपनीचा पंखा. कृपा करून हे करू नका. मिनिटाला हजारो फेरे घेणारं पातं निखळलं तर ते माणसाच्या तोंडावर येतं. पंखा बदलायचा तर त्याच मापाचा, त्याच दिशेने फिरणारा. मेंदूचं काम करणारा फ्लाइट कंट्रोलर बदलला, तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नव्या भागाचा क्रमांक सरकारी पोर्टलवर नोंदवल्याशिवाय उडवता येत नाही, कारण ड्रोनचा ओळख क्रमांक त्याच्याशी जोडलेला असतो. अपघाताची खबर ४८ तासांत द्यावी लागते. हे नियम योग्यच आहेत. पण ते पाळायला गावात मदत कोण करणार, हे नियमांत लिहिलेलं नाही.

केंद्राने ९ फेब्रुवारी २०२२ला परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली, सुटे भाग मात्र आणू दिले. देशात ड्रोन बनू लागले, हे चांगलंच झालं. पण मोटर, ईएससी आणि बॅटरीचे सेल अजून मोठ्या प्रमाणावर चीनहूनच येतात. जोडणी इथली, काळीज तिकडचं. त्यामुळे एका मॉडेलचा भाग दोन वर्षांनी मिळेल की नाही, याची हमी विकणाराही छातीठोक देत नाही. आणि आपण ती लेखी मागतही नाही.

ट्रॅक्टर घेताना आपण असं करतो का? ज्या कंपनीचा भाग तालुक्याच्या बाजारपेठेत मिळत नाही तो ट्रॅक्टर शेतकरी दारात उभा करत नाही. विहिरीवरची मोटर जळली तर रिवायंडिंगवाला दोन दिवसांत देतो. हेच हात ड्रोनची मोटरही सोडवतील. त्यांना माहितीपुस्तिका, सुटे भाग आणि परवानगी द्या. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, तेव्हा पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारं होती. मग अनुदानावर दिलेल्या ड्रोनला तो हक्क पहिल्यांदा लागू व्हायला काय हरकत आहे? सरकारच सर्वांत मोठं गिऱ्हाईक आहे. अट घालायची ताकद त्याच्याच हातात आहे.

यात मी एवढं का शिरतो, तेही सांगतो. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. डोक्याइतक्या वाढलेल्या कापसात पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडकं बांधून ते फवारत होते. माणसाला त्या विषारी फवाऱ्यातून बाहेर काढणारं यंत्र आपल्या हाती आलंय. ते खोलीच्या कोपऱ्यात मोडून पडलं की पाठीवरचा पंप परत येतो, आणि सोबत ते फडकंही.

म्हणून कृषी खात्याकडे मागणं साधं आहे. ज्या जिल्ह्यात ड्रोन दिलेत तिथल्या एका कृषी विज्ञान केंद्रात किंवा आयटीआयमध्ये पंखे, आर्म, मोटर, पंप आणि नोझलचा साठा ठेवा. सुट्या भागांचं दरपत्रक कंपनीकडून घेऊन मराठीत छापा. जून ते सप्टेंबर दुरुस्तीला सात दिवसांची मुदत घाला आणि ती चुकली तर कंपनीने बदली ड्रोन द्यावा, असं करारात लिहा. बॅटरी बदलण्यासाठी वेगळं, कमी व्याजाचं कर्ज द्या.

आणि ड्रोन घ्यायला निघालेल्या ताईंनो, भाऊंनो: सही करण्याआधी विक्रेत्याकडून पाच भागांच्या किमती, ते मिळायला लागणारे दिवस आणि दुरुस्ती करणाऱ्याचा फोन नंबर एका कागदावर लिहून घ्या. तो कागद द्यायला जो कां-कूं करेल, त्याच्याकडून ड्रोन घेऊ नका.