प्रयोग क्रमांक १ : टायरला वजन आणणे

हेतू : माझेराती २५०एफ या रेसिंग कारच्या १:२४ मॉडेलला १९५७ साली शोभतील असे टायर बनवणे.

साहित्य : किटमधले चार टायर (आहेत तसे लावल्यास वडे दिसतात), हातड्रिल, पॉलिशपेपर, काचेचा तुकडा, करड्या खडूची पूड, गोंद, आणि ‘जेवायला येताय ना?’ ऐकू न येणारे कान.

कृती :

१. टायरच्या मधोमध साच्याची शिवण असते. टायर ड्रिलवर फिरवत पॉलिशपेपर हलकेच टेकवावा. शिवण गेली की थांबावे. हात रंगात आला तर नक्षीही जाते आणि टायर गुळगुळीत होतो. फॉर्म्युला वनमध्ये गुळगुळीत टायर आले १९७१ साली. ते १९५७ साली २५०एफ चालवणाऱ्या फांजिओच्या गाडीला लावणे म्हणजे मावळ्याच्या मनगटावर घड्याळ.

२. काळा रंग वापरू नये. वापरातला टायर काळा नसतो. शंका असल्यास खाली जाऊन शेजाऱ्यांची स्कूटर पाहावी. गडद करडा रंग द्यावा आणि रस्त्याला लागणाऱ्या पट्ट्यावर खडूची पूड चोळावी.

३. आता वजन. खरी गाडी साडेसहाशे किलोच्या आसपास. पण लांबी, रुंदी, उंची तिन्ही २४ पट घटल्याने वजनाला १३,८२४ने भागावे लागते. उरतात ४७ ग्रॅम, म्हणजे एक लिंबू. लिंबाखाली टायर दबत नाही. म्हणून काचेवर पॉलिशपेपर ठेवून टायरची एक बाजू अर्धा मिलिमीटर घासावी. खऱ्या टायरवर हे १२ मिलिमीटर होतात. याहून जास्त घासल्यास पंक्चर.

४. चपटी बाजू खाली ठेवून चाक गोंदाने पक्के करावे. (‘रेसची गाडी, चाक फिरायला नको?’ या हळव्या विचाराने मी ही पायरी गाळली.)

निरीक्षण : ४ ऑगस्ट १९५७ रोजी न्यूरबर्गरिंगच्या शर्यतीत फांजिओ पेट्रोल आणि टायरसाठी थांबला, आघाडी गमावून बसला, मग हॉथॉर्न आणि कॉलिन्स या प्रतिस्पर्ध्यांना गाठून जिंकलाही. सगळे मिळून साडेतीन तास. माझ्या चार टायरांना तीन महिने लागले. घरी आलेले सगळे ‘छान आहे’ म्हणून चहाकडे वळले. परवा सहा वर्षांच्या भाच्याने गाडी ढकलली आणि ओरडला, “मामा, तुझं पंक्चर वर गेलं!”

अनुमान : पायरी ४ गाळू नये. मात्र तो अर्धा मिलिमीटर कुणाला तरी दिसला, म्हणून भाच्याला आईस्क्रीम दिले.